सरूबाईनं घासलेली बरणी

आमच्या सरूवैनीला कुठं घाण भांडं दिसलं की तिचे हात शिवशिवतात. हे मी कौतुक म्हणून सांगत नाय, आधीच सांगून ठेवतो. मी तिचा चुलतदीर कडुबा. शेंद्र्यात माझी पिठाची गिरणी हाय, अन् तिच्या-माझ्या घराची भिंत एक. इतक्या वर्षांत त्या भिंतीपलीकडून मी एकच आवाज ऐकत आलोय, खर्रर्र, खर्रर्र. काथ्या अन् राख. घरात दिवाळी असो नायतर सुतक असो, हिचं खर्रर्र चालूच.

विश्वजीतसाठी, म्हंजे तिच्या पोरासाठी, पोरगी बघायला गेलो होतो. पोहे आले, चहा आला, अन् वैनी गायब. मला वाटलं हातपाय धुवायला गेली असंल. बघतो तर काय, त्यांच्या सैपाकघरात फतकल मारून बसलीय अन् त्यांचंच चहाचं पातेलं घासायली! पोरीची आई लालबुंद. मी मनात म्हणलं, झालं, उठा आता, चपला शोधा. पण पोरगी, दीपमाला, खुदकन हसली अन् म्हणाली, "आई, घासू दे ना. ते पातेलं मला कधी निघालंच नाय." तिथंच सोयरीक पक्की झाली. वैनीचा नवरा, आमचा सांडूदादा, त्या दिवशी लाजून जो गप्प बसला तो अजून गप्पच हाय.

तर अशी बाई. अन् हिच्याच नशिबी भट्टी आली.

गावाच्या शिवेला कारखान्यांची वसाहत झाली, त्यातलीच ही एक कंपनी. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, वितळवायच्या अन् शिशाच्या विटा पाडायच्या, हा तिचा धंदा. नाव घेत नाय. त्यांच्याकडं वकील हाय, माझ्याकडं गिरणी हाय. चिमणीच्या आधी धूर गाळायला मोठमोठ्या कापडी पिशव्या बसवल्यात म्हणे, पण त्यांचा पंखा चालवायला वीज लई लागते, म्हणून दिवस मावळला की पंखा बंद अन् भट्टी चालू. सकाळी उठावं तर झाडाच्या पानावर, वाळत घातलेल्या धोतरावर, म्हशीच्या पाठीवर बारीक काळी भुकटी. म्हशीवर दिसत नाय, पण हात फिरवला की कळतं. मी गिरणीत पांढरा व्हायचो अन् घरी येईपर्यंत करडा.

वैनीच्या घराला पुढं शहाबादी फरशीचा ओटा हाय. तिची नात प्रेरणा, विश्वजीतची पोरगी, तेव्हा चार-पाच वर्षांची. सकाळी डोळे चोळत उठायची अन् आजीचा झाडू पोचायच्या आधी ओट्यावर पळायची. त्या काळ्या भुकटीत बोटानं अ काढायची, आ काढायची. मग नाव. गावातली माणसं थांबून बघायची, पोरगी शाळेआधीच धुळाक्षरं गिरवायली म्हणून. वैनी झाडू घेऊन बाजूला उभी राहायची, अन् पोरीचं लिहून झाल्यावरच हात लावायची. सगळ्या जगात तेवढी एकच घाण तिनं थोडा वेळ राहू दिली असंल.

मग पोरीचं पोट दुखायला लागलं. जेवण जाईना. अंगणवाडीतल्या बाई म्हणाल्या, आज शिकवलेलं उद्या विसरते. शहरातल्या डॉक्टरनं रक्त तपासलं, तर रक्तात शिसं. आम्हाला कळंना, रक्तात शिसं कसं असंल? डॉक्टरनं विचारलं, "मूल खेळतं कुठं?" दीपमालानं ओट्याचं सांगितलं, बोटानं लिहिते ते सांगितलं, अन् तेच बोट तोंडात घालते तेपण सांगितलं. डॉक्टर म्हणाला, "आजच्या आज तिथून हलवा. ती धूळ थांबत नाही तोवर तिला गावी आणायचं नाही. अन् घर रोज ओल्या फडक्यानं पुसत जा, काही शिल्लक ठेवू नका."

विश्वजीतनं हर्सूलला खोली घेतली. तिथून रोज गाडीवर शेंद्र्याला कामाला येतो. निघताना पोरगी म्हणाली, "आजी, मी येईपर्यंत पुसू नको हं." अन् गाडी वळली की वैनीनं ओटा पुसला. रडत पुसला. तेव्हापासून ती दिवसातून किती वेळा पुसते ह्याचा हिशोब मी ठेवला नाय, पण फडकी पुरंनात म्हणून सांडूदादाचे सदरे कमी व्हायला लागले.

गावानं तक्रारी केल्या. कंपनीतून सोनिया मॅडम आल्या, पर्यावरणाचं खातं बघणाऱ्या. बाई गोड बोलायला, पाणी मागून प्यायल्या. म्हणाल्या, "काकू, तक्रार आहे म्हणून चालत नाही, मोजमाप लागतं. आपण मोजू या ना!" मग शहरातल्या लॅबमधून रिझवान आला. हसरा माणूस, डोक्याला उन्हाचा रुमाल. त्यानं आणली एक मोठी काचेची बरणी, तोंड उघडं, बुडाला थोडं पाणी. गावात उंच स्लॅब अन् शेजारी झाड नाय असं घर वैनीचंच. तिच्या छतावर लोखंडी स्टँड ठोकला अन् त्यात बरणी बसवली. महिनाभर आभाळातून जी धूळ पडंल ती बरणीत साचणार, महिन्यानं रिझवान ती नेणार, तोलणार, अन् किती धूळ, किती शिसं ते सांगणार. साधी गोष्ट. ही सगळी साधी गोष्ट त्यानं छतावर उभं राहून नीट समजावून सांगितली. कुणाला? सांडूदादाला! वैनी खाली चहा टाकत होती, मी गिरणीवर. दादानं मान हलवली. रिझवानला काय माहीत की हा माणूस चोराला बघूनपण मान हलवतो.

खाली येऊन चहा पिताना रिझवान वैनीला एवढंच म्हणाला, "मौशी, बरनी का खयाल रखना, हां? तुमारे भरोसे छोडके जा रहा मैं. इसपेच सब टिकेला हय."

आता सरूवैनीला काचेच्या बरणीचा खयाल ठेवायला सांगितला. पुढं काय झालं ते तुम्ही ओळखलंच असंल. आम्ही दोन वर्षं ओळखलं नाय.

तिनं मला सांगितलं होतं, "भावजी, यंत्र बसवलंय. हवा कशी हाय ते त्याला कळतं. एकदा त्याला कळलं की भट्टी बंद, अन् पोरगी घरी." मीपण व्हय म्हणलं. यंत्र म्हंजे असंल काहीतरी. माझ्या डोळ्यापुढं वायरी होत्या. बरणी म्हणून माझ्या डोक्यात आलंच नाय, अन् तिच्या छतावर कोण कशाला जातंय?

ती मात्र रोज जायची. रोज सकाळी बरणी काढायची, राखेनं घासायची, तीन पाण्यांनी धुवायची, पदरानं पुसून पुन्हा स्टँडवर. आतलं पाणी? ते तर पहिल्याच आठवड्यात ओतलं. आशाताई करुणा दर आठवड्याला घरोघर सांगत फिरते, साठलेलं पाणी ओता, कोरडा दिवस पाळा, डेंगूचे डास होतात. वैनीनं ते पाणी ओतलं अन् साध्या नळाचं कशाला म्हणून जारमधलं फिल्टरचं थंड पाणी भरलं. पाहुण्याला देतो ते पाणी.

महिन्यानं रिझवान आला, बरणी उन्हात धरली अन् खूष झाला. "मौशी, तुमारी छत पे तो जन्नत हय!" वैनीला वाटलं, घासल्याचं कौतुक करतोय. लाजली बिचारी. दुसऱ्या महिन्यापासून काथ्या सोडून मऊ घासणी आणली, काचेला चरे पडू नयेत म्हणून. रिझवानला शंका यायला पाहिजे होती असं तुम्ही म्हणाल. त्याला जिल्हाभर बरण्या गोळा करत फिरायचं, उन्हातान्हात, अन् बाकी सगळीकडं बरण्यांत कावळ्याची घाण नायतर पोरांनी टाकलेले खडे. एक बरणी स्वच्छ मिळते तर माणूस अल्लाचे आभार मानंल, की चौकशी लावंल?

दोन वर्षं अशी गेली. वैनी रविवारी हर्सूलला जायची, तळ्याकाठी पोरीला फिरवायची, अन् परत आली की दुप्पट घासायची. यंत्राला अजून कळंना म्हंजे यंत्र मळलंय, असं तिचं म्हणणं. "चष्मा पुसल्याबिगर दिसतंय का, भावजी?" मी म्हणायचो, नाय दिसत.

मग कंपनीला दुसरी भट्टी काढायची हुक्की आली. त्यासाठी गावाची सुनावणी लागते. शाळेच्या मैदानात मांडव टाकला, सरकारी साहेब आले, पडदा लावला. वैनी नवं लुगडं नेसून पुढं बसली. तिला बोलायची सवय नाय, पण उठली. म्हणाली, "साहेब, माझ्या नातीच्या रक्तात शिसं निघालं. ती घरी येऊ शकत नाय. दुसरी भट्टी राहू द्या, पहिलीचं बघा." मला भरून आलं.

सोनिया मॅडम उठल्या. आवाज एकदम मऊ. "काकू, आम्हाला तुमचं दुःख समजतं. पण हे बघा." पडद्यावर एक रेघ आली, जमिनीवर झोपलेली. "ही शेंद्र्यातली धूळ. दोन वर्षांत जवळजवळ शून्य. हा आकडा थंड हवेच्या ठिकाणीही मिळत नाही! अन् ही बरणी कुठली आहे माहितीये, काकू? तुमच्याच छतावरची."

माणसांनी टाळ्या वाजवल्या! आपल्याच गावाच्या! थंड हवेच्या ठिकाणाला हरवलं म्हणल्यावर माणसाला राहवत नाय. वैनी उभीच. तिला कळंना, आपलं यंत्र आपल्याच विरोधात कसं गेलं. मी तिरमिरून उठलो, म्हणलं, मग आमच्या ओट्यावर रोज पडतं ते काय आभाळाचा बुक्का-गुलाल हाय का? तर मॅडमबरोबरचा एक टाय घातलेला माणूस म्हणाला, "तुमचा व्यवसाय काय?" म्हणलं, गिरणी. तो म्हणाला, "मग धुळीचा उगम तिथेच असणार."

ऐका! ज्वारीचं पीठ काळं असतं का कुठं? पण आठ दिवसांत मला नोटीस. हवेत कण सोडल्याबद्दल खुलासा करा. अन् वैनीला दुसरं पत्र, की तुमच्या घराची नोंद जिल्ह्यात सगळ्यात स्वच्छ आली, म्हणून पुढच्या महिन्यात कंपनीचे मोठे साहेब स्वतः तुमच्या अंगणात येऊन तुम्हाला 'हरित मातोश्री' पुरस्कार देणार. एका भिंतीच्या अलीकडं गुन्हेगार, पलीकडं मातोश्री.

माझं डोकं फिरलं. नोटीस मुठीत धरून मी सरळ वैनीच्या छतावर गेलो, म्हणलं बघू तरी माझं पीठ कुठं पडतंय ते. अन् तिथं वैनी उकिडवी बसून, मांडीत बरणी घेऊन, खर्रर्र खर्रर्र.

"वैनी, काय करायल्या?"

"दिसत नाय का? यंत्र घासायले."

"हे यंत्र?"

"मग?"

मी खाली गेलो, सांडूदादाला दंडाला धरून वर आणलं. म्हणलं, "दादा, त्या रिझवाननं तुला ह्या बरणीचं काय सांगितलं होतं?" दादानं घसा साफ केला. बऱ्याच दिवसांनी उघडत होता. म्हणाला, "ह्यात धूळ साचते. ती मोजतात."

"अन् तू हिला सांगितलं नायस?"

"मला वाटलं, तिला ठाऊक असंल."

वैनीचा हात थांबला. बरणीतून पाणी तिच्या लुगड्यावर सांडत होतं, तिला भान नाय. मग म्हणाली, "भावजी, म्हंजे पोरीला मीच बाहेर ठेवलं व्हय? ह्या हातांनी?" मी आपला दादावर ओरडलो. दादानं ऐकून घेतलं.

मी म्हणलं, चला, आत्ताच्या आत्ता साहेबाला सांगू. वैनीनं डोळे पुसले अन् मान हलवली. "कोण मानंल? म्हणतील, दिराला नोटीस आली म्हणून म्हातारीनं सोंग काढलं. तो मोठा साहेब इथंच येणार हाय ना हार घालायला? येऊ द्या. तोवर मी बरणीला हात लावत नाय. बरणीला नाय, छताला नाय, ओट्याला नाय, अंगणाला नाय."

बोलून गेली. पण ते निभावणं किती अवघड! पहिल्या आठवड्यात तिला ताप आला. ओट्यावर काळा थर चढायचा अन् ही दारातून बघून कण्हायची. आल्यागेल्यानं ओट्याकडं बघितलं की तोंड लपवायची, म्हणायची, "कमरेत उसण भरलीय हो, म्हणून राहिलंय." बायका आपसात बोलायला लागल्या, सरूबाईचं आता काय खरं नाय. एकदा तर मी तिला छताच्या पायरीवर पकडलं, हातात घासणी. "नुसती कड पुसते, भावजी, नुसती कड!" मी घासणी हिसकावली. वैनीच्या हातातून हिसकावली, माझं मलाच कसंतरी झालं.

शेवटी तिच्या हातांना काम पाहिजे म्हणून तिनं माझी गिरणी धरली. रोज दुपारी येऊन झाडायची, पुसायची, पट्टा पुसायची, कोळ्याची जाळी काढायची, माझ्या बापाच्या काळातलं पीठ खरवडायची. गिरणी अशी लखलखली की गिऱ्हाईक बाहेरूनच परत जायला लागलं, बंद पडली समजून. अन् नेमकं तेव्हाच माझ्या नोटिशीची तपासणी आली. त्या माणसानं सगळीकडं बोट फिरवलं, बोटाला कण लागंना. त्यानं लिहिलं, "गिरणीमालकाने पुरावा नष्ट केला आहे." तिथंच बसून लिहिलं, माझ्याच स्वच्छ बाकड्यावर!

सत्काराचा दिवस ठरला, गावच्या मांगीरबाबाच्या जत्रेच्या आधीचा. आदल्या दिवशी कंपनीचा टँकर आला अन् त्यानं रस्त्याकडंची झाडं धुतली. व्हय, झाडं धुतली, नळीनं. बुडाशी काळा ओघळ अन् वर हिरवीगार पानं. दुपारी मांडववाल्यानं अंगणात खुर्च्या मांडल्या, प्रत्येक खुर्चीला पांढरंशुभ्र कापड, मागं हिरवी गाठ. रातच्याला नेहमीसारखी भट्टी चालली अन् पिशव्यांचा पंखा बंद.

सकाळी खुर्च्यांवरची पांढरी कापडं सगळी करडी. कंपनीचे शिपाई धावत आले अन् झटकायला लागले. वैनी झाडू उगारून पुढं आली. "खबरदार! आमच्यात कार्याच्या दिवशी पाहुणे बसायच्या आधी झटकत नसतात. लक्ष्मी जाते!"

असली रीत कुठं नाय. मी जन्मात ऐकली नव्हती. पण सोनिया मॅडमनं माझ्याकडं बघितलं, अन् मी छातीवर हात ठेवून म्हणलं, "पहिल्यापासून हाय." मॅडम शिपायांना म्हणाल्या, "राहू द्या, लोकल ट्रॅडिशन आहे, रिस्पेक्ट करा." मोबाईलमध्ये टिपूनपण घेतलं त्यांनी.

मोठे साहेब आले, पांढरी सफारी. सरकारी साहेब आले, फिकी पँट. बसले. गाव समोर. साहेबांचं भाषण लांबलं. धातू अन् निसर्ग हातात हात घालून चालतात म्हणाले, शेंद्र्याची हवा श्वासात भरून घ्या म्हणाले, अन् स्वतः भरून घेऊन खोकलेपण. मग हार घेतला अन् वैनीकडं वळले. वळले म्हंजे गावाकडं पाठ झाली.

आधी एक बाई हसली. मग सगळे. साहेबांच्या सफारीवर मागं दोन काळे गोल, असे ठसठशीत की शिक्का मारावा. पाठीवर खुर्चीच्या पट्ट्या. साहेबांना वाटलं, लोक आनंदानं हसायलेत, त्यांनी हात जोडले. फोटोग्राफर चांगला माणूस, त्यानं दोन्ही बाजूंनी फोटो काढले.

अजून रिझवानचं काम बाकी होतं. ती पवित्र बरणी छतावरून आणून सगळ्यांना दाखवायची, असा कार्यक्रम होता. तो जिना चढून गेला अन् लई वेळ खाली येईना. आला तेव्हा बरणी त्यानं दोन हातांत लांब धरली होती, अन् चेहरा उतरलेला. बुडाशी काळा गाळ, काचेला काळा पट्टा. त्यानं ती टेबलावर ठेवली, गुच्छाशेजारी. "साब," म्हणाला, "ये क्या हुआ मेरेकू नै मालूम."

मोठे साहेब ओरडले, "हा घातपात आहे! कुणीतरी यात घाण टाकली आहे!"

सरकारी साहेब तोवर उठून उभे होते. त्यांनी मान वळवून स्वतःच्या पँटीची मागची बाजू बघितली, हात फिरवला, तळवा बघितला. शांत माणूस. म्हणाले, "अन् माझ्या पँटीतही कुणीतरी टाकली का?"

तेव्हा वैनी पुढं आली. हार गळ्यात तसाच. म्हणाली, "साहेब, कुणी टाकली नाय. मी काढायचे. दोन वर्षं रोज ही बरणी मी राखेनं घासली, आतलं पाणी ओतून जारचं भरलं. ह्या रिझवानचा दोष नाय, ह्याला काय ठाऊक. मला वाटलं यंत्र लख्ख पाहिजे. तुम्ही पडद्यावर दाखवलं ती तुमची हवा नव्हती, ते माझं घासणं होतं. एक महिना मी हात लावला नाय, ती ही तुमची हवा. आता मोजा. माझी नात घरी येऊ द्या." अन् तिथं मात्र तिचा आवाज फुटला, अन् ती हार काढून टेबलावर ठेवून खाली बसली. कुणी हसलं नाय.

मला वाटलं होतं, दुसऱ्या दिवशी भट्टीला कुलूप लागंल. कुलूप लागलं, पण बरणीला! सरकारी साहेबांनी नवी बरणी आणवली, तिच्याभोवती लोखंडी जाळीचा पिंजरा, अन् किल्ली त्यांच्या ऑफिसात. दुसरी भट्टी अडली. पहिलीच्या पिशव्यांचा पंखा चोवीस तास चालवायचा हुकूम निघाला, त्याला वेगळा मीटर. घरांभोवतीची वरची माती खरवडून नेली. हे सगळं लगेच नाय झालं, लई हेलपाटे झाले, अन् पहिले काही महिने बरणी काळीच निघत होती. वैनी रोज जिना चढायची, पिंजऱ्याला धरून उभी राहायची, आत बघायची. हात लावता येत नाय म्हणून तिनं पिंजरा घासला. मग स्टँड. एवढ्यात मात्र बरणीचं पाणी नितळ दिसायला लागलं, अन् ह्या वेळी कुणी घासलेलं नव्हतं. माझी नोटीस? ती अजून चालूच हाय. तारखा पडायल्यात.

पोरीचं रक्त पुन्हा तपासलं. शिसं उतरायला लागलं होतं. डॉक्टर म्हणाला, एक रविवार नेऊन आणा, मातीत खेळू द्यायचं नाही, हात धूत राहायचे. वैनीनं आठवडाभर आधीपासून घर धुतलं. खरं सांगायचं तर धुण्यासारखं काही निघंनाच, फडकं कोरं ते कोरंच, तरी धुतलं.

प्रेरणा गाडीवरून उतरली. उंच झालीय आता. आईचा हात सोडून सरळ ओट्यावर पळाली, गुडघ्यावर बसली अन् बोट टेकवून ओढलं. पुन्हा ओढलं. बोट उलटं करून बघितलं. मग वर बघून म्हणाली, "आजी, इथं लिहिताच येईना."

दीपमालानं तोंड फिरवलं. वैनी हसायला गेली अन् तिला रडू आलं, भोकाड पसरून रडली, एवढी की पोरगी घाबरली. मग डोळे पुसत मला म्हणाली, "भावजी, असे उभे काय राहिलात? पीठ आणा. ज्वारीचं, बारीक."

मी पाटीभर आणलं. अन् सरूवैनीनं, माझ्या वैनीनं, ते पीठ स्वतःच्या हातानं आपल्या धुतलेल्या ओट्यावर ओतलं अन् तळव्यानं सारखं पसरलं, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. "घे," म्हणाली, "लिही." पोरगी लिहीत बसली. मध्ये थांबायची, आठवायची, पुन्हा लिहायची. तिच्या नावाखाली तिनं 'आजी' असं लिहिलं. सांडूदादा मोठ्यानं वाचून म्हणाला, "आजी." सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं.

संध्याकाळी ते हर्सूलला परत गेले. निघताना पोरगी म्हणाली, "पुसू नको हं." पुढच्या रविवारी येणार होती.

सकाळी मी उठलो तर भिंतीपलीकडून आवाज नाय. खर्रर्र नाय, काही नाय. मला काळजी वाटली, तसाच बाहेर आलो. ओट्यावरच्या पिठाला मुंग्या लागल्या होत्या. झाडू कोपऱ्यात उभा, अन् वैनी ओट्याच्या कडेला वाकून एकेक मुंगी बोटानं उचलून खाली सोडायली, कुठल्या अक्षराला धक्का लागू नये अशी.

"वैनी," म्हणलं, "काय करायल्या?"

"पाय मागं घ्या भावजी," ती म्हणाली. "पोरीचं पुसंल."